‘शूबिल हमखास’ : युगांडातल्या एका पक्षीनिरीक्षण सहलीचं प्रकरण

पुण्याहून युगांडाला गेलेल्या एका गटाचं हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून आयोजक, गाइड आणि सहभागी यांची नावं दिलेली नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत. गटप्रमुख, काही सहभागी आणि स्थानिक गाइड यांच्याशी वेगवेगळं बोलून ते जुळवलं आहे.

पार्श्वभूमी

आफ्रिकेची सहल म्हणजे केनिया-टांझानिया आणि सिंह-हत्ती, असं आपल्याकडे बरीच वर्षं चालत आलं. पक्ष्यांसाठी म्हणून युगांडाला जाणारे गट अलीकडचे. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई-एन्टेबी थेट विमान सुरू झालं आणि अशा सहली आखणं आणखी सोपं झालं. देश महाराष्ट्रापेक्षा लहान, पण पक्ष्यांच्या जाती हजाराच्या वर. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचे दलदलीचे पट्टे, पश्चिमेची पावसाळी जंगलं आणि मधली गवताळ माळरानं एकाच फेरीत पाहता येतात.

या सहलीचा मार्ग नेहमीचाच होता. एन्टेबीला उतरायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी माबाम्बाची दलदल, तिथून किबालेचं जंगल, मग क्वीन एलिझाबेथ राष्ट्रीय उद्यान आणि काझिंगा कालवा, शेवटी लेक म्बुरो आणि परत एन्टेबी. महिना जानेवारी, म्हणजे तिथला कोरडा हंगाम. सहभागी दहा. त्यांतले चौघे मोठ्या लेन्सा घेऊन आलेले फोटोग्राफर, उरलेले सहा दुर्बीण आणि वही घेऊन फिरणारे निरीक्षक. निरीक्षकांत निवृत्त मंडळी जास्त. गटप्रमुख स्वतः मुरलेले पक्षीनिरीक्षक. सगळे त्यांना ‘सर’ म्हणत. युगांडात ते पूर्वी गेले होते, पण गट घेऊन प्रथमच.

सहलीची जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली. तिच्यावर शूबिलचा पानभर फोटो होता आणि खाली ठळक अक्षरांत ‘शूबिल हमखास!’ खाली बारीक अक्षरांत अपेक्षित पक्ष्यांची यादी. या जाहिरातीकडे नंतर परत यावं लागेल.

शूबिलबद्दल थोडं. उभा राहिला की चार फुटांच्या आसपास भरणारा राखाडी पक्षी, आणि चेहऱ्यावर खडाव उलटी चिकटवल्यासारखी चोच. दलदलीत तासन्‌तास हलत नाही. लंगफिश किंवा मागूर मासा श्वास घ्यायला वर आला की सगळं अंग झोकून देतो. जगात प्रौढ पक्षी 3,300 ते 5,300 इतकेच असावेत असा अंदाज आहे, आणि धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो ‘व्हल्नरेबल’ म्हणजे असुरक्षित गटात आहे. माबाम्बा एन्टेबीपासून जवळ असल्यामुळे बहुतेक परदेशी पाहुणे त्याला तिथेच बघतात. ही दलदल 2006 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. तिथले नावाडी पूर्वी मासेमारी करणारे. शूबिल दिसला की त्या दिवशी जाळ्यात काही लागत नाही, अशी तिथल्या कोळ्यांची समजूत होती आणि त्यापायी पक्षी मारलेही जात. पाहुणे येऊ लागले तसं ते चित्र बदललं. आज त्या काठावरच्या अनेक घरांची चूल शूबिलवर पेटते.

तयारीत लक्ष कुठे गेलं

निघण्यापूर्वीचे दोन महिने गटप्रमुखांनी जवळजवळ एकाच कामात घालवले: यलो फीव्हरची लस. युगांडात शिरायला ती लागतेच. शिवाय भारतात परतताना प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस ठरावीक मान्यताप्राप्त केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. ही जिवंत विषाणूची लस असल्यामुळे साठीच्या पुढच्या माणसाला पहिल्यांदा देताना डॉक्टर जपून असतात. गटात 67 वर्षांचे एक काका होते. त्यांच्या डॉक्टरांनी आधी नाही, मग बघू, मग तपासण्या करून हो म्हटलं. या धावपळीत माबाम्बाला एकच सकाळ ठेवली आहे, ती हुकली तर काय, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. जाहिरातीचा मजकूर सहल आखून होण्याआधीच एका उत्साही सभासदाने तयार केला होता. गटप्रमुखांनी तो वाचला होता. त्यांना त्यात काही खटकलं नव्हतं.

पहिली सकाळ

धक्क्यावर चार होड्या घेतल्या. लाकडी, लांबट, एकेका होडीत तिघंच बसतील अशा. फोटोग्राफर आणि निरीक्षक मिसळून बसले. कोण कुठे हे आयत्या वेळी ठरलं. गटप्रमुख एका होडीत, गाइड दुसऱ्या.

दलदलीतली सकाळ अप्रतिम होती, असं निरीक्षक अजून सांगतात. पपायरस म्हणजे आपल्या लव्हाळ्याचाच दांडगा भाऊबंद. त्याच्या भिंतींमधून होडी बांबूने ढकलत नेतात. पानांवर आफ्रिकन कमळपक्षी, एका जागी छोटा कमळपक्षी, मॅलाकाइट खंड्या, निळ्या छातीचे वेडे राघू, आणि पपायरसच्या आत कुठेतरी पपायरस गोनोलेक. जंगलात अशा लपलेल्या पक्ष्याला मोबाइलवर त्याचा आवाज ऐकवून बाहेर काढायचा मोह होतो. शूबिलला मात्र तो उपायही नाही, कारण तो जवळजवळ मुकाच असतो. फिरायचं, होडीत उभं राहून बघायचं आणि दुसऱ्या नावाड्यांना फोन करत राहायचं, एवढंच हातात.

साधारण दहाच्या सुमारास तिसऱ्या होडीतल्या तिघांना लांबवर, पपायरसच्या वरून उडत जाणारा शूबिल दिसला. काका त्यातलेच एक. बाकी सात जणांना काही नाही. त्या होडीने हाका मारल्या, बाकीच्या होड्या वळल्या, तोवर आकाश मोकळं. तिघं खुशीत, सातजण गप्प. अकरानंतर ऊन चढलं.

इथे एका नावाड्याने गाइडजवळ, त्यांच्या भाषेत, एक गोष्ट काढली. दलदलीच्या पलीकडच्या अंगाला घरटं आहे, पिल्लू आहे, एक मोठा पक्षी तिथे हटकून असतो. नेऊ का? गाइडने इंग्रजीत सांगितलं तेही अर्ध्या आवाजात, पण फोटोग्राफरांपर्यंत ते पोचलं.

“सर, जास्तीचे पैसे आम्ही चौघं देतो. गटाला भुर्दंड नको. तुम्ही फक्त हो म्हणा.”

दुसऱ्या होडीतून एका काकू म्हणाल्या, “अहो, पैशाचा प्रश्न आहे का हा?”

त्यावर जे बोलणं झालं ते सगळं मराठीत झालं. गाइडला शब्द कळत नव्हते, पण चार होड्यांमधला सूर कळत होता. पुढे तो म्हणाला की त्या दहा मिनिटांत त्याने आपल्या टिपचा हिशेब मनातल्या मनात सोडून दिला होता.

समोरचे पर्याय

पहिला, घरट्याकडे जायचं. चौघांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं. मोठ्या लेन्सने लांबून फोटो मिळतो, दहा मिनिटांत परत फिरू, पक्ष्याला कळणारही नाही. अडचण अशी की पपायरसमध्ये ‘लांबून’ काही दिसत नाही. घरटं तरंगत्या वनस्पतींच्या गादीवर असतं, आणि तिथवर होडी न्यायची तर पपायरस दाबून वाट पाडावी लागते. ती वाट होडी परतल्यावरही उघडी राहते. दुसऱ्या दिवशी दुसरी होडी तिथूनच जाते. शूबिल बहुधा दोन अंडी घालतो आणि बहुतेक वेळा एकच पिल्लू जगतं. पिल्लू उडायला तीन महिन्यांहून जास्त काळ लागतो. भर उन्हात मोठे पक्षी चोचीतून पाणी आणून अंड्यांवर आणि पिल्लावर ओततात. माणसं पाहून ते बारा वाजता उठून गेले तर पिल्लाचं काय होतं हे सांगायला नको. झांबियातल्या बांगवेउलू दलदलीत तर पिल्लं चोरीला जातात म्हणून स्थानिक लोकांनाच घरट्यांवर राखण करायला नेमलं आहे. घरट्याची जागा जितक्या लोकांना ठाऊक, तितका धोका मोठा.

दुसरा, दुपारपर्यंत शोधत राहायचं. मग किबालेचा पाच-सहा तासांचा रस्ता अंधारात कापावा लागला असता. दुसऱ्या दिवशी सकाळचं चिंपांझींचं परमिट तारखेला बांधलेलं होतं, आणि तिथल्या महामार्गावर रात्री गाडी नको असं चालकाने आधीच बजावलं होतं.

तिसरा, गट फोडायचा. चौघांनी एन्टेबीला राहायचं, वेगळी गाडी करून नंतर यायचं. चिंपांझींवर पाणी सोडायला त्यांतले दोघंच तयार होते, म्हणून हे पुढे सरकलं नाही.

चौथा, मर्चिसन फॉल्स राष्ट्रीय उद्यानात नाइल नदी लेक अल्बर्टला मिळते त्या त्रिभुज प्रदेशात कोरड्या हंगामात शूबिल चांगले दिसतात, तिकडे वळायचं. नकाशावर बोट ठेवून बघितलं तर अर्धी सहल मोडली असती.

पाचवा, आत्ता निघायचं आणि शेवटच्या दिवशी विमानापूर्वी पुन्हा माबाम्बाला यायचं. यासाठी लेक म्बुरोचा मुक्काम एका रात्रीने कापावा लागणार होता. तिथे दुपारच्या नौकाफेरीत आफ्रिकन फिनफूट दिसण्याची आशा होती. लाल चोचीचा, काठाच्या झुडपाखालून चोरट्यासारखा पोहणारा हा पक्षी दोन निरीक्षकांच्या यादीत सगळ्यात वर होता. एकाचा लायफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसणारा पक्षी, मिळवायला दुसऱ्याचा डावावर लावायचा, असा हा पर्याय.

निर्णय

गटप्रमुखांनी होडी गाइडच्या होडीला लावून घेतली आणि त्याला हळूच विचारलं, तू एकटा असतास तर गेला असतास का? तो नाही म्हणाला. मग पाहुण्यांना सरळ नाही का सांगत नाहीस? त्याने खांदे उडवले.

या प्रकरणातला कळीचा क्षण मला इथे वाटतो. गाइडचा आणि नावाड्याचा दिवस पाहुण्यांच्या टिपवर जातो, आणि पाहुण्यांनी ऑनलाइन लिहिलेल्या चार ओळींवर त्याचा पुढचा हंगाम. त्याने नकार द्यावा अशी अपेक्षा ठेवणं म्हणजे आपल्या नीतीचा खर्च त्याच्या खिशातून करणं. नकार ज्याला परवडतो त्यानेच तो द्यायला हवा.

गटप्रमुखांनी तो दिला, आणि चारही होड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मुद्दाम इंग्रजीत दिला: घरट्याकडे जायचं नाही, हा निर्णय माझा आहे, गाइडचा नाही. धक्क्यावर आल्यावर त्यांनी चारही नावाड्यांना ठरलेले पूर्ण पैसे आणि सारखीच टिप दिली; घरट्याची गोष्ट काढणाऱ्यालाही कमी नाही. यावर एक फोटोग्राफर पुटपुटला, “पक्षी न दाखवल्याचं बक्षीस.” पण त्या नावाड्याला शिक्षा केली असती तर पुढच्या वेळी त्याने पाहुण्यांनाच परस्पर गाठलं असतं. हे गटप्रमुखांचं गणित होतं आणि मला ते पटतं.

पुढची पायरी मात्र मला पटत नाही. किबालेच्या वाटेवर गाडीत त्यांनी पाचव्या पर्यायावर हात वर करून मतदान घेतलं. सहा विरुद्ध चार. विरोधातल्या चौघांपैकी तिघं तेच, ज्यांना उडता शूबिल दिसला होता. चौथ्या म्हणजे फिनफूट यादीत सगळ्यात वर असलेल्या काकू. म्हणजे मतदानाने प्रश्न सुटला नाही, फक्त कोण कुणाच्या बाजूला हे सगळ्यांना दिसलं. त्यानंतर दोन दिवस जेवायला टेबलं वेगळी लागली. एकदा सकाळी अधिकाराने ‘नाही’ म्हटलं होतं, तर दुपारी ‘असं करतोय’ म्हणायलाही हरकत नव्हती.

मधले दिवस चांगले गेले. किबालेत चिंपांझी दिसले, काझिंगाच्या नौकाफेरीत एका तासात वही भरली. रोज रात्री यादी वाचायची पद्धत होती; तिसऱ्या रात्रीपासून फोटोग्राफरही तिला बसू लागले आणि टेबलं पुन्हा एक झाली. लेक म्बुरोला दुपारची फेरी सोडून सकाळची घेतली. फिनफूट दिसला नाही.

शेवटची सकाळ

या वेळी होड्यांची वाटणी आधीच्या रात्री झाली. फोटोग्राफर दोन-दोन करून दोन होड्यांत, म्हणजे कॅमेऱ्यांना जागा आणि थांबायला मोकळीक. निरीक्षकांच्या होड्या वेगळ्या. गाइडने तीन गोष्टी सांगितल्या: इंजिन बंद, तो हात वर करील तिथे थांबायचं, आणि पक्ष्याच्या मागच्या बाजूला होडी न्यायची नाही, म्हणजे त्याला निघायची वाट मोकळी राहील. काका आले नाहीत. एकदा पाहिलाय, पुरे, म्हणून लॉजच्या अंगणात बसले.

पहिल्या तासाभरातच एका नावाड्याचा फोन आला. शूबिल पाण्याच्या वाटेपासून थोडा आत, पपायरसच्या दांड्यांमागे उभा होता. दुसऱ्या गटांच्या होड्याही आल्या आणि थोड्या वेळाने तिथे चांगलीच दाटी झाली. त्यांतली एक पुढे सरकू लागली तेव्हा आपल्या गाइडने त्यांच्या भाषेत चार शब्द सुनावले आणि ती थांबली. पक्षी एकदा पाण्यात कोसळला, चोचभर चिखल-पानं घेऊन उठला, पानं गाळून टाकली. आत मासा होता की नाही यावर होड्यांमध्ये एकमत झालं नाही. नंतर अर्ध्या तासात त्याने मान सोडून काही हलवलं नाही.

निष्पत्ती

दहाच्या दहा जणांनी, लांबून किंवा जवळून, शूबिल पाहिला. घरट्याजवळ या गटातलं कुणी गेलं नाही. पुढे त्या पिल्लाचं काय झालं हे गाइडलाही सांगता आलं नाही.

समाधान मात्र सगळ्यांच्या वाट्याला आलं नाही. चौघा फोटोग्राफरांपैकी तिघांना मनासारखं काही मिळालं. चौथ्याच्या प्रत्येक फोटोत चोचीवरून पपायरसचा दांडा गेलेला. त्याने दुसऱ्या फेरीचे जास्तीचे पैसे परत मागितले: जाहिरातीत जो फोटो होता तसा पक्षी मला दाखवायला हवा होता. ग्रुपवर बरंच लिहून झाल्यावर आयोजकांनी रक्कम परत केली.

त्यावर काकूंनी एकच मेसेज टाकला: “मग माझ्या फिनफूटचं काय?” याला उत्तर नव्हतं. शूबिल पानभर छापला होता, फिनफूट बारीक यादीत आठव्या ओळीत. एका पक्ष्याचं वचन झालं होतं, दुसऱ्याची शक्यता, आणि ही विभागणी कुणी विचार करून केलेली नव्हती. पहिल्या सकाळी होडीत चौघांचा आवाज इतका चढला तोही त्याच जाहिरातीच्या जोरावर. त्यांनी शूबिलचे पैसे भरले होते, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त सुधारणा आखणीतली. माबाम्बा विमानतळाजवळ आहे. सहल तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते. एक सकाळ सुरुवातीला, एक राखीव सकाळ शेवटी, अशी जागा पहिल्यापासून ठेवली असती तर लेक म्बुरोचा बळी गेला नसता. शूबिल पहिल्याच दिवशी दिसला तर राखीव सकाळी एन्टेबीच्या वनस्पती उद्यानात तुराको पक्षी बघत हिंडता येतं. आता आयोजक असंच करतात.

दुसरी गोष्ट गटाची. कॅमेरा आणि दुर्बीण एकत्र नेऊ नयेत असं मी म्हणणार नाही. दहा जण जमवताना तो चोखंदळपणा परवडत नाही. पण होड्या आणि गाड्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या लावायला खर्च येत नाही. नोंदणीच्या अर्जात आता एक प्रश्न आहे: एका पक्ष्यापाशी तुम्ही किती वेळ थांबायला तयार आहात? गटप्रमुख म्हणतात की या एका उत्तरावरून माणूस कुठल्या होडीत बसवायचा ते कळतं.

तिसरी, घरट्यांबद्दलचा नियम. तो निघण्यापूर्वी लेखी दिला असता तर दलदलीत दहा मिनिटांची सभा भरली नसती. गटप्रमुखांचं मत थोडं वेगळं आहे. त्यांच्या मते नियम लेखी असूनही चौघांनी विचारलंच असतं, आणि तेव्हाही कुणाला तरी मोठ्याने नाही म्हणावंच लागलं असतं. ते खरं असेल, पण पैसे परत मागणाऱ्याशी बोलताना कागद हाताशी असता तर बरं झालं असतं.

जाहिरातीतून ‘हमखास’ गेलं. फोटो मात्र शूबिलचाच आहे, कारण त्याच्याशिवाय नोंदण्या येत नाहीत, असं आयोजक मोकळेपणाने सांगतात. खाली आता किती वेळा प्रयत्न केला जाईल ते लिहिलेलं असतं.

टिपचा प्रश्न अजून लोंबकळतो आहे. पाहुण्यांनी हातोहात काही न देता सगळी टिप गटप्रमुखाकडे जमा करावी आणि शेवटी सगळ्या नावाड्यांत सारखी वाटावी, म्हणजे घरटं दाखवण्यात कुणाचा वेगळा फायदा उरणार नाही, असा प्रस्ताव आयोजकांनी गाइडमार्फत पाठवला. वयस्क नावाडी राजी आहेत. तरुण नावाड्यांचं म्हणणं असं की ज्याची नजर तेज, ज्याने पक्षी शोधला, त्याला जास्त मिळायला नको का? पुढचा गट जाईपर्यंत यावर काही ठरलेलं नव्हतं, आणि त्या गटाने दोन्ही पद्धतींनी थोडी थोडी टिप दिली.